टूटूचा घेर आणि गांधीबागेतलं नेट

गॅदरिंगचा सीझन आला की माझ्याकडे ड्रेसच्या ऑर्डरी सुरू होतात, लावणी, कोळी, घूमर हे तर ठरलेलेच, पण आता दरवर्षी एखादी तरी शाळा नाहीतर डान्स क्लास "बॅलेचा ड्रेस" मागतो. आणि बॅलेचा ड्रेस म्हणजे काय तर गुलाबी नेटचा फुललेला फ्रॉक, पाठीला परीचे पंख, डोक्यावर टिकल्यांचा बँड, नागपूरच्या सीताबर्डीवर पहिल्या वाढदिवसाच्या फोटोशूटसाठी टांगलेले असतात ना सेम तसे. गोड दिसतात मुली त्यात, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण मला टूटू, म्हणजे बॅले नाचणारीचा नेटच्या थरांचा खरा स्कर्ट, या कपड्याचं मनापासून वेड आहे, कितीतरी दिवसांपासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून राहिली, म्युझियमचे फोटो झूम करकरून टाके पाहून राहिली, आणि जेवढं जास्त पाहते तेवढं पटत जातं की हा कपडा पायांनी घडवलाय. नाचणाऱ्यांचे पाय काहीतरी नवीन करायला लागले, कपडा आडवा आला, की कोणीतरी कात्री घ्यायचं. घेर किती, लांबी किती, नेट कडक की मऊ, सगळं त्या पायांच्या हिशोबाने.

सुरुवात मात्र एकदम जड कपड्यांनी झाली. बॅले इटलीच्या दरबारातून फ्रान्सच्या दरबारात आला आणि तिथे राजा स्वतः नाचायचा. चौदावा लुई १६५३ मध्ये, म्हणजे पोरवयातच, सूर्य बनून सोनेरी पोशाखात नाचला, अंगभर किरणं, डोक्यावर पिसांचा तुरा, आणि याच लुईने पुढे १६६१ मध्ये नृत्याची अकॅडमी काढली. तेव्हाचा नाचाचा ड्रेस म्हणजे दरबारी ड्रेसच, अजून थोडा भरजरी करून. ब्रोकेड, जरी, टाचांचे बूट, चेहऱ्यावर मुखवटा, आणि पुढे बायकांच्या कमरेला दोन्ही बाजूंनी घागरा पसरवणारा सांगाडा. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा स्टेजवर आल्या त्या १६८१ मध्ये, तोपर्यंत तिथे बायकांची कामं पुरुषच करायचे, आपल्या खडीगंमतीत नाच्या असतो तसं. आणि एवढं वजन अंगावर घेऊन बाई नाचणार तरी काय, हात, मान आणि जमिनीवर आखलेली चाल, बस.

मग आली मारी कामार्गो. हिने १७२६ मध्ये पॅरिसला पदार्पण केलं आणि ही बाई पुरुष नाचायचे तशा उड्या मारायची, हवेत असतानाच पाय एकमेकांसमोरून झपझप बदलायचे, आणि एवढी मेहनत केलेले पाय जमिनीपर्यंतच्या घागऱ्यात दिसणारच नव्हते. म्हणून तिने घागरा घोट्याच्या वर घेतला. काही बोटंच असतील, पण त्या काळात घोटा दिसणं म्हणजे गावभर चर्चा. तिचीच स्पर्धक मारी साले, तिने वेगळाच रस्ता धरला, १७३४ मध्ये लंडनला तिने सांगाडा काढून टाकला, केस मोकळे सोडले आणि साध्या मलमलीच्या झग्यात नाचली, कारण तिला उड्यांपेक्षा अभिनय दाखवायचा होता आणि त्या सांगाड्यात माणूस रडतोय की हसतोय हे अंगातून कळतच नाही. मला या दोघी फार आवडतात. दोघींनी कपडा कमी केला, पण एकीने पायासाठी आणि दुसरीने भावासाठी. आजही ऑर्डर घेताना मी आधी हेच विचारते की मॅडम, डान्समध्ये उड्या आहेत की एक्स्प्रेशन, कारण दोन्हीचा घेर वेगळा लागतो.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या आसपास टाचा गेल्या, सांगाडे गेले, पातळ मलमलीचे झगे आले (आपल्या ढाक्याच्या मलमलीची तेव्हा युरोपात केवढी क्रेझ होती). आणि मग १२ मार्च १८३२, पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद'. मारी तालिओनी. बापाने, फिलिप्पो तालिओनीने बसवलेला बॅले, पोरगी वाऱ्याची परी, अंगावर घट्ट चोळी आणि पोटरीपर्यंत येणारा पांढरा, पातळ कापडाच्या थरांचा घंटेच्या आकाराचा स्कर्ट, आणि ती पायाच्या बोटांच्या टोकावर उभी. पंजावर चढणारी ती पहिली होती असं नाही, पण आधी ते सर्कसच्या करामतीसारखं व्हायचं, हिने ते नाचात विरघळवलं. ते करताना पावलं दिसली पाहिजेत आणि वरचं अंग तरंगतंय असं वाटलं पाहिजे, दोन्ही एकाच कपड्यात, म्हणून तो लांबीचा हिशोब. आज आपण ज्याला रोमँटिक टूटू म्हणतो तो हा. १८४१ च्या 'जिसेल'मध्ये दुसऱ्या अंकात सगळ्याच जणी अशा पांढऱ्या कपड्यात येतात, लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं, आणि गॅसच्या दिव्यांच्या मंद उजेडात तो पांढरा रंग कसा दिसत असेल याचा विचार करा. म्हणजे नुसती शिवणकामाची गोष्ट नव्हती ही, दिव्यांचीही होती.

आणि त्याच दिव्यांनी किती जणींचा जीव घेतला. हा भाग मला नेहमी जरा थांबून सांगावासा वाटतो. तेव्हाचा स्कर्ट म्हणजे खळ दिलेलं जाळीदार सुती कापड, थरावर थर, मध्ये भरपूर हवा, आणि स्टेजच्या कडेला उघड्या ज्योती. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये क्लारा वेब्स्टर नाचता नाचता पेटली आणि वाचली नाही. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाला एकीचा ड्रेस पेटला, तिला वाचवायला तिच्या बहिणी धावल्या तर त्यांचेही पेटले. आणि एमा लिव्री. ती तालिओनीची लाडकी शिष्या, तालिओनीने आयुष्यात एकच मोठा बॅले बसवला, १८६० मध्ये, तो हिच्यासाठी, आणि त्यात ती फुलपाखरू होती जिचे पंख मशालीने जळतात. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८६२ मध्ये, एका ऑपेराच्या तालमीत विंगेतल्या गॅसच्या दिव्याने तिचा स्कर्ट खरंच पेटला. आठ महिने वेदना सोसून १८६३ च्या जुलैमध्ये ती गेली, अवघी वीस वर्षांची. कापड न पेटणारं करायची प्रोसेस तेव्हा उपलब्ध होती, सरकारचा तसा हुकूमही होता, पण त्या द्रावणात बुडवलं की स्कर्ट निस्तेज आणि ताठर व्हायचा, आणि एमाने लेखी कळवलं होतं की मी माझ्या नेहमीच्या स्कर्टमध्येच नाचणार. तिच्या ड्रेसचे उरलेले जळके तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या म्युझियममध्ये आजही जपून ठेवलेत. फोटो पाहिला मी. हाताएवढे तुकडे आहेत.

म्हणून एक गोष्ट मी कोणाचीही भीड न ठेवता सांगते. आपल्याकडे गॅदरिंगला लहान मुलींच्या हातात खरे पेटते दिवे देऊन "दीपनृत्य" बसवतात, आणि अंगात असतो नेटचा घागरा, आत घेर फुलवायला कॅनकॅनचं कडक नेट, वरून नेटचीच ओढणी. आजचं नेट नायलॉनचं नाहीतर पॉलिस्टरचं, ते पेटतं तर पेटतंच पण वितळून कातडीला चिकटतं, ते सुती कापडापेक्षा अजून वाईट. बॅटरीचे दिवे दुकानात ढिगाने मिळतात, लांबून कोणाला फरकही कळत नाही. खरे दिवे असतील तर मी नेटचा ड्रेस शिवून देत नाही, कॉटनचा नऊवारी घ्या म्हणते, आणि तरी स्टेजच्या मागे पाण्याची बादली आणि जाड चादर ठेवायला सांगते.

नेटचा विषय निघालाच आहे तर, ही जाळी आधी हातानेच विणली जायची, बोटभर जाळीला तास लागायचे, त्यामुळे ती श्रीमंतांचं काम. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०८-०९ मध्ये षटकोनी जाळी विणणाऱ्या मशीनची पेटंटं घेतली आणि गणितच बदललं. १८१६ मध्ये मशीनवर राग असलेल्या लोकांनी त्याचा लफबरोचा कारखाना फोडला, तर हा गडी टिव्हर्टनला जाऊन परत उभा राहिला. हे मशीनचं नेट आलं नसतं तर टूटूला एवढे थर परवडलेच नसते. आज गांधीबागेच्या कापडबाजारात थानाच्या थान उलगडून दुकानदार विचारतो, "कडक की सॉफ्ट?", त्याच्यामागे ही सगळी भानगड आहे.

आता तो आखूड टूटू, ताटलीसारखा आडवा उभा राहणारा. त्याचं श्रेय इटालियन नर्तकींना. १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या लांब स्कर्टमध्ये नाचणार नाही म्हणून अडून बसली, आखूडच पाहिजे. मग पिएरिना लेन्यानी आली, जिने १८९३ मध्ये 'सिंड्रेला'त एका पायावर सलग बत्तीस फुएते घेतले, म्हणजे एक पाय चाबकासारखा फिरवत जागेवर गिरक्या, आणि १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये परत तेच केलं, रशियन मुली बघत बसल्या की हे होतं कसं. आता बत्तीस गिरक्या पोटरीपर्यंतच्या स्कर्टमध्ये घेऊन बघा, कापड पायाला गुंडाळतं, आणि गुडघा सरळ आहे की वाकला हे प्रेक्षकाला दिसत नाही. स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला, मग मांडीवर, आणि विसाव्या शतकात कमरेतून सरळ आडवा झाला. कपडा जसा वर गेला तशी लपायची जागा संपली, पायाची एक चूक झाकता येत नाही.

मधल्या काळातला टूटू पाहायचा तर फ्रेंच चित्रकार देगाचा चौदा वर्षांच्या नर्तकीचा पुतळा बघा. १८८१ च्या प्रदर्शनात त्याने मेणाचा पुतळा ठेवला आणि त्याला खरा कापडी स्कर्ट घातला, केसात खरी रिबन. लोकांना ते बघवलं नाही, कुरूप म्हणाले, कारण ती मुलगी, मारी व्हान गोएथेम, गरीब घरची, आणि त्या काळात अशा पोरींच्या मागे ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार स्टेजमागे घिरट्या घालायचे हे सगळ्यांना माहीत होतं. देगा गेल्यावर त्याच्या ब्राँझच्या कॉपी निघाल्या, त्या जगभरच्या म्युझियममध्ये आहेत, आणि सगळ्यांचे स्कर्ट वेगवेगळे! कुठे गुडघ्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत, कापड जुनं झालं की बदलतात. ब्राँझ तसंच राहतं आणि कापड शिवणारीला परत बोलवावं लागतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

टूटू शिवतात कसा ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. आपल्या फ्रॉकसारखा तो कमरेतून खाली सोडलेला नसतो. आत एक घट्ट चड्डी असते आणि नेटचे थर त्या चड्डीवरच शिवतात, खालून सुरुवात करून वर, सगळ्यात खालचा थर अगदी बोट-दोन बोटं रुंद, त्याच्या वरचा थोडा जास्त, असे दहा-बारा थर, प्रत्येक थराला दाट चुण्या, सगळ्यात वरचा सर्वात रुंद. नेट सहज दहा-पंधरा मीटर जातं. खालचे थर वरच्यांना टेकू देतात, म्हणून तो आडवा राहतो, काही प्रकारात मध्ये तारेची रिंगही घालतात. मग थरांना एकमेकांशी सैल कच्च्या टाक्यांनी जोडतात, आणि इथे खरा हात लागतो, टाका ओढला गेला तर सगळं दबतं, फार सैल राहिला तर थर लडबडतात. चोळी वेगळी, दहा-बारा तुकड्यांची, मागे हूक आणि हुकाच्या घरांच्या दोनतीन ओळी, कारण एकच ड्रेस वेगवेगळ्या नर्तकी घालतात. ठेवायचा तर उलटा टांगून नाहीतर सपाट, म्हणजे थर बसत नाहीत. धुणं तर जवळजवळ नाहीच, घामाच्या वासासाठी मोठमोठ्या कंपन्यांच्या वॉर्डरोबमध्ये पाण्यात व्होडका मिसळून फवारतात!

गेल्या सीझनला मी पाच थरांचा छोटा टूटू बसवून पाहिला तर माझ्याकडचे काका, ज्यांचा हात घागऱ्यावर बसलाय, म्हणाले, "ताई, खालच्या थराले एवढ्या चुण्या कायले टाकून राहिल्या, तो कोणाले दिसते?" मी म्हटलं काका, दिसत नाही पण वरचा त्याच्यावरच उभा राहणार आहे. त्यांनी तो उलटा धरला, खालच्या थरात बोटं घातली, हलवून पाहिला आणि काही न बोलता पुढच्याला स्वतःच चुण्या घालायला बसले.

या कामातली माझी दैवत म्हणजे बार्बरा कारिन्स्का. खारकीवला १८८६ मध्ये जन्मली, क्रांतीनंतर देश सोडला, पॅरिस, लंडन करत अमेरिकेला पोचली आणि बॅले बसवणाऱ्या जॉर्ज बॅलेंशिनच्या न्यूयॉर्कच्या बॅले कंपनीचे कपडे वर्षानुवर्षं तिने शिवले. बॅलेंशिन एका वेळी भरपूर मुली स्टेजवर जवळजवळ उभ्या करायचा, आणि तारेवाले टूटू असले की एकीची ताटली दुसरीला धडकायची, मग सगळ्यांच्या ताटल्या हलायच्या. कारिन्स्काने तार काढून टाकली, सहासात थर मऊ नेटचे, आखूड, सैल टाक्यांनी जोडलेले, पावडरच्या पफसारखे फुललेले. १९५० पासून तो प्रकार त्याच नावाने चालतोय. आणि चोळीच्या बाजूच्या पट्ट्या तिने उरेब, म्हणजे तिरप्या कापल्या, त्यामुळे कापड थोडं ताणतं आणि नाचणारीला श्वास घेता येतो. श्वास! इतकी साधी गोष्ट. चोळी घट्ट करून पोरीला फोटोत बारीक दाखवायचा हट्ट धरणाऱ्या आयांना मी हेच सांगते. तिला 'जोन ऑफ आर्क' सिनेमाच्या कपड्यांसाठी ऑस्करही मिळालं, डोरोथी जीकिन्ससोबत.

बॅलेंशिनचंच अजून एक. १९४६ मध्ये त्याच्या 'फोर टेंपरामेंट्स'ला एका चित्रकाराने असे कपडे दिले की नाच दिसेचना. काही वर्षांनी त्याने ते सगळे काढले आणि नर्तकांना सरावाच्या साध्या कपड्यांत उभं केलं, काळा लिओटार्ड (अंगाला चिकटणारा एकसंध कपडा), टाइट्स. आजही तो बॅले तसाच होतो. मला कपडे शिवायला आवडतात तरी मी म्हणेन की बरोबर केलं त्याने. पुरुषांच्या कपड्यांचाही असाच मोठा तमाशा झालेला, १९११ मध्ये रशियन नर्तक निजिन्स्की 'जिसेल'मध्ये टाइट्सवरची आखूड चड्डी न घालता स्टेजवर आला आणि सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी थिएटरने त्याला काढून टाकलं. मग तो दियागिलेवच्या बॅले कंपनीतच राहिला, जिथे चित्रकार लेओन बाक्स्टने १९१० च्या 'शेहरजाद'साठी असे भडक हिरवे, निळे, केशरी पायजमे आणि मोती वापरले की पॅरिसच्या बायका पार्टीला तसे कपडे घालायला लागल्या.

आपला भारतही या गोष्टीत आहे बरं का. १८३८ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या देवदासींची एक मंडळी पॅरिसला गेली होती, त्यातल्या अम्मनीवर फ्रेंच लेखक तेओफील गोतिए फिदा झाला, ज्याने पुढे 'जिसेल'ची कथा रचण्यात भाग घेतला आणि १८५८ मध्ये शाकुंतलावरही बॅलेची संहिता लिहिली. युरोपने अम्मनीला खऱ्या कपड्यात पाहिलं होतं, तरी १८७७ च्या 'ला बायादेर'मधल्या देवळातल्या नर्तकी टूटूवरच नाचतात, वर थोडी मोत्यांची माळ आणि बाजूबंद. पाय बॅलेचे, म्हणून कपडाही बॅलेचा. उलट दिशेने आली ती रशियन बॅले नर्तकी आना पावलोवा. १९२३ मध्ये लंडनला तिने उदय शंकरला घेऊन राधाकृष्ण बसवलं, आणि पुढे बॅले शिकायला लागलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेलना तिनेच सांगितलं की तुमच्या मातीतला नाच शोधा. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र सुरू केलं आणि भरतनाट्यमचा आजचा शिवलेला पोशाख घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. दोन गुडघे बाहेर वळवून बसलं की पुढचा चुण्यांचा पंखा उघडतो, उभं राहिलं की मिटतो, तो पंखा त्या बैठकीसाठीच आहे. आपल्या लावणीत कासोटा आहे म्हणून नऊ वार नेसून बाई एवढा पाय टाकू शकते. कथ्थकच्या अंगरख्याला कळ्या जास्त कारण चक्कर आहे. म्हणून डान्स कोणताही असो, स्टेप पाहिल्याशिवाय मी माप घेत नाही.

शेवटचं, आणि यावर मला राग येतो. टाइट्स आणि बॅलेचे बूट गुलाबी का, तर गोऱ्या पायाची रेषा कमरेपासून बोटापर्यंत अखंड दिसावी म्हणून. मग सावळ्या पायांचं काय? न्यूयॉर्कच्या आर्थर मिचेलच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या कंपनीने १९७० च्या दशकात हे ओळखलं, प्रत्येकीच्या कातडीच्या रंगाचे टाइट्स आणि बूट वापरायला सुरुवात केली, बूट रंगवून घ्यायचे. लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या कंपनीने तपकिरी आणि ब्राँझ रंगाचे तयार पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट, काढले ते थेट २०१८ मध्ये, तोपर्यंत मुली घरी बसून बुटांवर फाउंडेशन थापायच्या.

आपल्याकडे अजून तेच चालू आहे. दुकानात "स्किन कलर लायक्रा द्या" म्हटलं की एकच थान समोर येतं, फिकट गुलाबी-पिवळसर, आणि ते आपल्या पोरींच्या दंडावर, गळ्यावर पट्टी लावल्यासारखं उठून दिसतं. मी आता बदामी, मातकट आणि गडद तपकिरी अशा तीन शेड मागते, नाही मिळाल्या तर पांढरं नायलॉन नेट कडक चहाच्या पाण्यात बुडवून काढते, जितका वेळ ठेवाल तितकं गडद होतं, आधी छोटा तुकडा बुडवून, वाळवून मगच पूर्ण कापड टाकायचं. आणि माप घ्यायला येताना मुलीलाच घेऊन या म्हणते, नुसता मापाचा फ्रॉक पाठवू नका, दंडाला कापड लावून पाहिल्याशिवाय शेड कळत नाही. या डिसेंबरच्या बॅलेच्या ऑर्डरला गुलाबी टाइट्स नाहीत, हे मी क्लासच्या मॅडमना आधीच सांगून ठेवलंय आणि त्या हो म्हणाल्या.